काळ नेमका कोणत्या इंद्रियाला कळतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रंग डोळ्याला दिसतो, आवाज कानाला ऐकू येतो, वास नाकाला येतो. काळ मात्र कुठल्याच इंद्रियाच्या हाती लागत नाही, दिसतात ते फक्त घड्याळाचे काटे. सगळं ज्ञान इंद्रियांतूनच येतं असं मानलं, तर काळ ही मनाची बनावट म्हणायची का? आणि सगळी इंद्रियं बंद केली, तर काळ थांबेल का? विचारणारे पेशाने अभियंता आहेत आणि तत्त्वज्ञान हौसेने वाचतात. जाता जाता त्यांनी असाही टोमणा मारला आहे की आइनस्टाइननंतर या विषयात तत्त्वज्ञांनी बोलण्यासारखं काही उरलंय का!

मी बडोद्यात बरीच वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. हा प्रश्न वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी विचारायचंच, आणि दरवर्षी चर्चा एकाच जागी अडायची. कारण यात तीन प्रश्न एकत्र बांधलेले आहेत. आपण असलो-नसलो तरी काळ आहे का, हा पहिला. तो आपल्याला कशाने कळतो, हा दुसरा. आणि ज्याला आपण 'आत्ता' म्हणतो त्याची लांबी किती, हा तिसरा. लोक पहिल्यावर हमरीतुमरीवर येतात. माझा अनुभव असा की तिसरा सोडवल्याशिवाय पहिल्या दोघांना हात लावू नये. इंद्रियांची आणि काळाची गाठ पडते ती तिथेच.

न्यायदर्शनाचा, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या परंपरेचा, मूळ ग्रंथ न्यायसूत्रं. त्यांच्या दुसऱ्या अध्यायात हा वाद आहे. प्रतिपक्षी म्हणतो, वर्तमानकाळ नाहीच. झाडावरून पडणारं एखादं फळ घ्या. जेवढा रस्ता ते पडून आलं, तो झाला भूतकाळाचा. जेवढा पडायचा राहिला, तो भविष्याचा. मधला तिसरा रस्ता दाखवा, जिथे 'पडतंय' असं म्हणता येईल. सूत्रकार दोन उत्तरं देतो. एक, वर्तमान नाकारलात तर भूत आणि भविष्यही ठरवता येणार नाहीत, कारण ते त्याच्याच अपेक्षेने ठरतात. दुसरं उत्तर आपल्या कामाचं आहे: वर्तमान नसेल तर प्रत्यक्षच, म्हणजे इंद्रियांतून थेट मिळणारं ज्ञानच, संभवत नाही, आणि प्रत्यक्ष नसेल तर कशाचंच ग्रहण होणार नाही. इंद्रियाचा संबंध येतो तो समोर असलेल्या वस्तूशी. जी होऊन गेली किंवा व्हायची आहे, तिच्याशी डोळा भिडणार कसा? आणि अनुमान, शब्द वगैरे प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, शेवटी प्रत्यक्षावरच उभी असतात.

यावरचं वात्स्यायनाचं भाष्य मी विद्यार्थ्यांकडून मुद्दाम मोठ्याने वाचून घ्यायचो. वर्तमान कुठे सापडतो? भात शिजण्यात. भांडं चुलीवर ठेवणं, पाणी ओतणं, तांदूळ वैरणं, सरपण सारणं, जाळ करणं, पळीने ढवळणं, पेज गाळणं, भांडं खाली उतरवणं, या सगळ्या साखळीला मिळून आपण 'शिजवतोय' म्हणतो. यातली कुठलीही एक हालचाल म्हणजे शिजवणं नाही. तरी साखळी सुरू झाली आणि संपलेली नाही, एवढ्यावर वर्तमानकाळ उभा राहतो. म्हणजे वर्तमान हा सुईच्या अग्राएवढा बिंदू असलाच पाहिजे, ही प्रतिपक्ष्याची अटच इथे उडवून लावली आहे. या वादातली सगळ्यात हुशार खेळी मला हीच वाटते.

बौद्ध आचार्यांना हे पटणारं नाही. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांच्या मते निखळ प्रत्यक्षात कल्पनेचा लवलेश नसतो. ते त्या क्षणाच्या, केवळ स्वतःसारख्याच असलेल्या वस्तूला भिडतं. क्षण ओवून 'तोच भात, तोच जाळ' असं म्हणणं हे कल्पनेचं काम. शांतरक्षिताचा 'तत्त्वसंग्रह' आणि त्यावरची कमलशीलाची पंजिका हा या पक्षाचा आठव्या शतकातला प्रचंड ग्रंथ. बडोदेकरांना त्याचं वेगळं अगत्य असायला हवं, कारण १९२६ साली तो गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत इथूनच प्रसिद्ध झाला. (आमच्या शहरात गरब्याच्या पासांची जितकी चर्चा होते तिच्या शतांशानेही या ग्रंथमालेची होत नाही, पण असो.) स्थिर वस्तू खरंच असतात का याची, आणि भूत-वर्तमान-भविष्य या तिन्ही काळांची, अशा दोन स्वतंत्र परीक्षा त्यात आहेत. दोन्ही वाचल्यावर त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. अनुभव एका क्षणाचा असेल, तर 'हे आधी, ते नंतर' हा क्रम कुठल्याच एका अनुभवात मावणार नाही. अनुभव एकामागून एक येणं वेगळं आणि 'एकामागून एक' असा अनुभव येणं वेगळं. पश्चिमेकडे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९०च्या ग्रंथात हीच अडचण मांडली. त्याआधी १७३९मध्ये स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम म्हणाला होता की बासरीवर पाच सूर वाजले की काळाची कल्पना मिळते, पण काळ हा सहावा सूर म्हणून कानावर पडत नाही.

मग काळ आला कुठून? मी याचं उत्तर वर्गात बाकावर शोधायला लावायचो. बोटाने टकटक सुरू करायची, सेकंदाला दोन ठोके. मुलांचे पाय आपोआप हलू लागत. मग दोन ठोक्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं. अंतर साधारण दोन सेकंदांच्या घरात गेलं की पाय थांबत आणि ओठ हलू लागत. मुलं आता मोजायला लागलेली असत. तोवर लय ऐकू येत होती, आता ती हिशेबाने सांभाळावी लागत होती. मानसशास्त्रातल्या प्रयोगांतही ही सीमा याच आसपास सापडते. थोडं पुढेमागे होतं, माणसागणिक आणि सवयीगणिक बदलतं, पण सीमा आहे. विलंबित ख्यालात एकेक मात्रा चार सेकंदांची असू शकते, तरी गवई आणि रसिक सम चुकत नाहीत. कारण तबलजी मधली जागा लहान बोलांनी भरत असतो, म्हणजे मोठं अंतर पुन्हा ऐकू येण्याच्या मापात आणून देतो.

याहून बोलका दाखला तीनतालाच्या खालीचा, म्हणजे सोळा मात्रांच्या तालात टाळीऐवजी रिकाम्या हाताने मोजायच्या जागेचा. मौलाबक्षांनी १८८६मध्ये बडोद्यात सुरू केलेल्या गायनशाळेतून पुढे विद्यापीठाची जी विद्याशाखा झाली, तिथले विद्यार्थी अधूनमधून माझ्या तासाला येऊन बसत. त्यांना मी ठेका धरायला लावायचो. खाली मोजली जाते नवव्या मात्रेला, पण बायाची, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्याची, घुमार प्रत्यक्षात दहाव्यापासून, 'तिं तिं ता' येताना, बंद होते. तालाची थोडीशी जाण असलेल्या कुणालाही तिथे ती घुमार नाहीशी झालेली ऐकू येते. तो आडाखा बांधत नाही, मोजत नाही, नुसतं ऐकतो. आता तोच 'तिं' सुटा वाजवा. त्यात काहीही कमी नाही, तो आपला एक पुरता नाद आहे. म्हणजे जी उणीव ऐकू आली ती त्या नादात नव्हती, मागच्या आठ-नऊ मात्रा आणि हा नाद यांच्यामध्ये होती. मागच्या मात्रा तर वाजून गेल्या. तरीही त्या ऐकण्यात कुठल्यातरी रूपाने हजर असल्याशिवाय हे घडणार नाही. (अभाव प्रत्यक्षाने कळतो की त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न सापडणं, हे वेगळं प्रमाण मानायचं, हा नैयायिक (न्यायमताचे पंडित) आणि भाट्ट मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसेतला कुमारिल भट्टांचा पंथ) यांचा जुना तंटा इथे उकरता येईल. तूर्त तो बाजूला ठेवू.)

'कुठल्यातरी रूपाने' म्हणजे कुठल्या, यावर मात्र मतं फुटतात, आणि माझं उत्तरही इथे परिस्थितीवर अवलंबून आहे. शब्द ऐकू कसा येतो याचं स्पष्टीकरण आपल्या परंपरेत फार बारकाईने झालं आहे. 'कमळ' म्हणताना 'ळ' येतो तेव्हा 'क' विरून गेलेला असतो. आधीच्या वर्णांचे संस्कार उरतात आणि त्या संस्कारांसह शेवटचा वर्ण अर्थबोध करून देतो, असं मीमांसक आणि नैयायिक सांगतात. यात भूतकाळ आला तो संस्काराच्या वाटेने, म्हणजे जवळजवळ स्मृतीच्या वाटेने. जर्मन तत्त्वज्ञ हुसेर्लने १९०५च्या व्याख्यानांत, जी छापून आली १९२८मध्ये, वेगळं वर्णन केलं. कालची मैफल आठवणं ही स्मृती. पण आत्ताच सरलेला सूर अजून 'धरून ठेवलेला' असतो, त्याला आठवावं लागत नाही, आणि येणारा सूर अपेक्षेत असतो. हे धरणं आणि ही अपेक्षा ऐकण्याचेच भाग आहेत.

स्मृतीला तुम्ही प्रत्यक्षाच्या बाहेर ठेवणार असाल आणि धरून ठेवण्यालाही स्मृतीच म्हणणार असाल, तर काळ इंद्रियाला कळत नाही हेच उत्तर येईल, आणि त्यात विसंगती काही नाही. मी स्वतः हुसेर्लच्या बाजूला झुकतो, पण वर्णनापुरताच. काहीतरी ठसा मागे उरल्याशिवाय धरून ठेवणं घडेल कसं, हा नैयायिकाचा प्रश्न त्याने सोडवलेला नाही, वर्णनाने झाकला आहे असं मला वाटत आलं आहे.

अद्वैत वेदान्त्यांनी एक सरळ पाऊल टाकलं. 'वेदान्तपरिभाषे'च्या सुरुवातीलाच धर्मराजाध्वरीन्द्र एका अडचणीत सापडतो. आधी न कळलेल्या गोष्टीचं ज्ञान ते प्रमा, अशी व्याख्या केली. आता मी समोरच्या घड्याकडे एकटक पाहतोय, 'हा घडा, हा घडा, हा घडा'. दुसऱ्या ज्ञानात नवीन काय? काहीच नसेल तर ते प्रमा ठरणार नाही, आणि एवढा वेळ डोळे उघडे ठेवून मी ज्ञानाबाहेरच राहिलो असं होईल. तो म्हणतो, नवीन आहे तो क्षण. काळाला रूप नसलं तरी तो इंद्रियांना कळतो असं मानायला हवं, म्हणजे प्रत्येक ज्ञानात त्याचा त्याचा क्षण विषय म्हणून येतो. भाट्ट मीमांसकही काळ इंद्रियगम्य मानतात. न्याय आणि त्याचं जोडीदार वैशेषिक दर्शन नाही मानत. त्यांच्या लेखी काळ हे एक, नित्य, सर्वव्यापी द्रव्य. त्याला रूप नाही, म्हणून ते दिसत नाही. आधी, नंतर, एकाच वेळी, उशिरा, लवकर या प्रतीती म्हणजे त्याची लिंगं, त्याच्या खुणा, आणि लिंगावरून व्हायचं ते अनुमान.

प्रश्नकर्त्यांनी पकडलेला पेच हाच आहे, फक्त त्यांनी त्याच्यात घड्याळ घातलं. माझं म्हणणं असं: दोन्ही पक्ष आपापल्या मापात बरोबर आहेत. दोन-चार सेकंदांच्या पट्ट्यात मीमांसक आणि वेदान्ती बरोबर. तिथे काळ वस्तूचं विशेषण म्हणून ऐकूच येतो, लय येते तसा. 'काळ' नावाचा वेगळा पदार्थ कानावर पडत नाही, पण कालावधी नसलेला नादही कधी कानावर पडलेला नाही. त्या पट्ट्याबाहेर, म्हणजे तासभर, आठवडा, शालिवाहन शक, हा सगळा वैशेषिकांचा प्रांत. तिथे लिंगं लागतात.

लिंगं काढून घेतली तर काय होतं, हे मिशेल सिफ्र या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने १९६२मध्ये स्वतःवर करून पाहिलं. जुलैच्या मध्यात घड्याळाशिवाय तो आल्प्समधल्या एका बर्फाळ गुहेत उतरला आणि सुमारे दोन महिने एकटा राहिला. १४ सप्टेंबरला प्रयोग संपल्याचं वरून कळवलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होता. तो गुहेतून टेलिफोनवर सेकंदाला एक या गतीने १२०पर्यंत आकडे म्हणून दाखवत असे. तसं म्हणताना एकदा त्याला पाच मिनिटं लागली, आणि त्याला मात्र ती दोनच वाटली. यावरून लोक म्हणतात, बघा, काळ मनाचा खेळ आहे. मला उलटं दिसतं. त्याची इंद्रियं चालू होती, दिवा होता, भूक लागत होती, बोललेलं वाक्य अर्ध्यात तुटत नव्हतं. जवळचा क्रम शाबूत होता. ढासळला तो लांबचा हिशेब. 'भाषापरिच्छेदा'त, म्हणजे न्याय-वैशेषिकांच्या एका ग्रंथात, म्हटलं आहे की काळ एकच, क्षण-दिवस वगैरे भेद उपाधींमुळे, म्हणजे बाहेरून जोडलेल्या निमित्तांमुळे. सूर्याची गती ही त्यातली मोठी उपाधी. गुहेत नेमकी तीच काढून घेतली होती.

'आत्ता'ला रुंदी असते म्हटलं की पुढची शंका येते: ती सगळ्या इंद्रियांना सारखी का? नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, प्रकाशाला शहरातल्या अंतरांत काही वेळ लागतच नाही म्हणा. नवरात्रात बडोद्यातल्या मोठ्या मैदानावर मंचापासून शंभर मीटरवर उभे राहा. ढोल नुसता मंचावरच्या कर्ण्यांतून ऐकू येत असेल, तर टिपरू पडताना दिसतं आधी, आवाज येतो जवळजवळ तीस शतांश सेकंदाने मागून. सेकंदाला दोन टाळ्यांची चाल असेल तर हे अंतर अर्ध्या टाळीहून जास्त. घरात, दहा-पंधरा फुटांवर, हा फरक जाणवत नाही. पायाच्या अंगठ्यावरचा स्पर्श मेंदूपर्यंत पोचायला नाकावरच्या स्पर्शाहून जास्त वेळ लागतो, तरी दोन्हींना एकदम हात लावला तर ते एकदमच वाटतात. एकसमयता आयती मिळत नाही, जुळवली जाते. 'भाषापरिच्छेदा'वर 'मुक्तावली' ही टीका लिहिणाऱ्या विश्वनाथाने हे कुरकुरीत, लांब शष्कुली (एक तळलेला पदार्थ) खाण्याच्या उदाहरणावर सांगितलं आहे. तिचा रंग, वास, चव, स्पर्श, मोडण्याचा आवाज सगळं एकदम कळल्यासारखं वाटतं. पण मन अणुएवढं, एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलेलं. ते इतक्या झपाट्याने फिरतं की शंभर कमळपाकळ्या सुईने एकदम भेदल्यासारख्या वाटाव्यात तसा एकदमचा भ्रम होतो. अणुमन आज कुणी मानणार नाही. पण 'एकाच वेळी' हा अनुभव कच्चा माल नसून पक्कं काम आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

इथपर्यंतचं एवढंच ध्यानात ठेवा की जवळचा काळ अनुभवात असतो, लांबचा लिंगांवरून ठरतो, आणि जवळचाही जुळणीतून येतो.

आता 'मनाची बनावट' या शब्दांकडे. जुळवलेलं आहे म्हणून खोटं आहे, ही उडी घेऊ नका. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१मध्ये काळाला आंतर संवेदनाचा आकार म्हटलं. त्याच्या मते काळ अनुभवातून येत नाही, अनुभव घडायचा तर तो आधीच लागतो. हे मत घ्या किंवा सोडा, पण त्यात काळ हा काही लहरीने रचलेला पदार्थ नाही. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य याहून पुढे जातं: क्षण तेवढा वास्तव, दोन क्षण कधी एकत्र नांदत नाहीत, म्हणून मुहूर्त आणि अहोरात्र हे बुद्धीने केलेले गठ्ठे. 'बनावट' म्हणायचं असेलच तर एवढ्या मर्यादेत म्हणा, आणि मग क्षण वास्तव कसा ते सांगायची जबाबदारी घ्या.

आइनस्टाइनबद्दल फार लिहीत नाही. १९०५च्या सिद्धांताने दूरदूरच्या घटनांची एकसमयता निरीक्षकावर अवलंबून ठेवली. हे पहिल्या प्रश्नावरचं फार मोठं काम आहे, आणि सगळ्या विश्वाला एकच 'आत्ता' आहे असं मानणाऱ्या प्रत्येकाला, आपल्या वैशेषिकांसकट, त्याला तोंड द्यावंच लागेल. ६ एप्रिल १९२२ला पॅरिसमध्ये त्याची आणि फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसनची गाठ पडली, तेव्हा तत्त्वज्ञांचा असा वेगळा काळ नाही असं आइनस्टाइन म्हणाला. बर्गसनने भौतिकीत लुडबूड केली, तिथे त्याची बाजू लंगडी पडली. पण बाया बंद झालेला ऐकू कसा येतो, याचं उत्तर सापेक्षतेच्या कुठल्याही समीकरणात नाही, आणि ते देण्याचा दावा त्या समीकरणांनी केलेलाही नाही.

उरलं ते इंद्रियं बंद करण्याचं. डोळे मिटले, कानात बोळे घातले, तरी विचार एकामागून एक येतच राहतात, आणि नैयायिकांच्या हिशेबात मनही इंद्रियच आहे, सुख-दुःख आणि ज्ञान ग्रहण करणारं. म्हणजे एक खिडकी उघडीच राहते. तीही मिटते गाढ झोपेत. 'सुखाने झोपलो, काही कळलं नाही' हे उठल्यावरचं वाक्य वेदान्ती स्मरण मानतात, म्हणून सुषुप्तीतही अनुभव होता असं धरतात. नैयायिक त्याला अनुमान म्हणतात: आत्ता अंग हलकं आहे, उन्हं वर आली आहेत, त्या अर्थी मधे वेळ गेला आणि मला काही कळलं नाही. मला इथे नैयायिक पटतो, आणि कारण झोपेपेक्षा भुलीत जास्त स्पष्ट दिसतं. पूर्ण भूल दिलेला माणूस शुद्धीवर आल्यावर बहुधा विचारतो, 'सुरू कधी करणार?' मधे अनुभव असता आणि हे त्याचं स्मरण असतं, तर त्या स्मरणाला काहीतरी लांबी असती. ती नाही. किती वेळ गेला हे त्याला भिंतीवरचं घड्याळ पाहून किंवा नातेवाइकांना विचारूनच समजतं. म्हणजे त्याच्यापुरता काळाचा अनुभव खंडला होता. काळ थांबला होता असं मात्र यावरून निघत नाही, कारण शस्त्रक्रिया तेवढ्या वेळात पुरी झालेली असते.